एक रेघ, सही, तारीख

घरात संडास दोन होते, पण त्यातला एक महिनाभर फोडून ठेवलेला होता. फरशीवाला लातूरला बहिणीच्या लग्नाला गेला तो तिकडचाच झाला. राहिला एक. त्या एकावर आज संध्याकाळी पाचपासून फक्त निरंजनचा हक्क, बाकीच्यांनी शेजारी जावं, असं दिव्यानं सकाळीच कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं.

"असलं काय लिहायचं असतं का गं?" सुमनताई कागदाकडं न बघता म्हणाल्या. "कोण आलं-गेलं तर काय म्हणेल?"

"म्हणू दे आई. तुमचा मुलगा दीड वर्ष रक्त हगतोय आणि आपल्याला कागदाची लाज!"

सुमनताईंनी कानांवर हात ठेवले. या घरात हिश्शाच्या जमिनीवरून आईबहिणीच्या शिव्या चालायच्या, मेलेल्या माणसाचं वाईट बोललेलं चालायचं. हा एक शब्द तेवढा चालायचा नाही. आणि न चालणाऱ्या त्या एका शब्दापायी निरंजनचं अकरा किलो वजन गेलं होतं.

निरंजन चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत होता. तिथं लाइनवरून उठायचं तर आपल्या जागी बदली माणूस उभा करावा लागतो. आठ तासांत दहा वेळा बदली मागितली की सुपरवायझर विचारणारच. निरंजननं ठोकून दिलं, "शुगर आहे." झालं. कंपनीनं विश्वास ठेवला, वाढदिवसाला त्याच्यासाठी बिनसाखरेचा केक आणला, आणि त्यानं तो हसत हसत खाल्ला. रक्त पडतं, पोटात कळ येते, जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटतं, हे सांगण्यापेक्षा खोटी शुगर सोपी.

बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते तिनं शोधलं. बायका नवऱ्याच्या मोबाइलमध्ये दुसरी बाई शोधतात. दिव्याला पेट्रोल पंपांची यादी सापडली. निगडी ते चाकण, कुठल्या पंपाचा संडास उघडा असतो, कुठल्याला कुलूप असतं, किल्ली कोणाकडं असते, पाणी कुठं नसतं, सगळं टापटीप. दिव्या हिंजवडीला सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. यादी बघून तिला कळायचं ते कळलं. मग तीन मूळव्याधवाल्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या, मलमं निघाली, आणि मागच्या आठवड्यात तिनं त्याला जवळजवळ कॉलरला धरून पोटाच्या डॉक्टरांकडं नेलं.

उद्या सकाळी दहाला कोलोनोस्कोपी होती. खालून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं. त्यासाठी आतडं धुतल्यासारखं रिकामं पाहिजे, म्हणून आज दोन लिटर पाण्यात कालवलेली पावडर, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास.

पाच वाजता निरंजननं पहिला ग्लास घेतला. साडेपाचला तिसरा. पावणेसहाला तो आत होता, आणि दाराची बेल वाजली.

साहेबराव आले होते. सुमनताईंचे धाकटे भाऊ. चाकणात आठ टेम्पो, आणि जगातल्या प्रत्येक आजारावर एक ओळखीचा माणूस. हातात थर्मास.

"डाळिंबाचा रस," ते म्हणाले. "ताजा. पोट बांधून ठेवतो. कुठाय पेशंट?"

"आत," दिव्या म्हणाली. "आणि मामा, तो रस त्याला चालणार नाही. पोट बांधायचं नाही, सोडायचंय. शिवाय लाल काही द्यायचं नाही असं सांगितलंय. उद्या कॅमेऱ्यात रक्त दिसतंय की तुमचं डाळिंब, हे कसं कळायचं?"

"अगं, कशाला पाहिजे कॅमेरा? आमच्या ड्रायव्हरला सेम टु सेम होतं. भोसरीच्या पुढं एक माणूस आहे. एक इंजेक्शन, विषय संपला. तो पोरगा स्वतः गाडी चालवत घरी आला."

"यानं तीन जणांची इंजेक्शनं घेतलीत."

"चौथ्याचं नाही घेतलं ना?"

सुमनताईंना हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. भाऊ आला की त्यांना बळ यायचं. "मी पण तेच म्हणतेय रे साहेब. हॉटेलातलं, कँटीनचं खाऊन उष्णता झालीये पोराला. त्यात कुणाची नजर. आणि ही चाललीये नळ्या घालायला. तरणाताठा माणूस, नको तिथून नळी!"

"मग कुठून घालायची, आई? कानातून?"

"दाजी, तुम्ही तरी बोला राव!" साहेबराव गॅलरीकडं वळले.

गॅलरीत बबनराव पेपर घेऊन बसले होते. पेपर सकाळचा होता आणि दोनदा वाचून झाला होता. "त्याचं त्यानं बघावं," ते म्हणाले.

दिव्या त्यांच्याकडं बघत राहिली. मागच्या आठवड्यात दवाखान्यात फॉर्म भरायचा होता आणि निरंजन नेहमीप्रमाणं आत होता, म्हणून तो बबनरावांनी भरला. अक्षर मोत्यासारखं. पिंपरीच्या कारखान्यात तपासणी खात्यात पस्तीस वर्षं काढलेली, रिपोर्टात कधी खाडाखोड नाही. चुकलंच तर एक रेघ मारायची, एकच. खालचं जुनं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर लावणाऱ्याला ते चोर म्हणायचे. इतर बाप पोरांना पाढे शिकवतात, यांनी निरंजनला हे शिकवलं होतं. फॉर्मवर शेवटी प्रश्न होता, कुटुंबात कोणाला असा त्रास होता का? बबनरावांचं पेन तिथं थांबलं. चांगलं थांबलं. मग त्यांनी लिहिलं, नाही.

ते थांबलेलं पेन दिव्याच्या डोक्यातून गेलं नाही. घरी येऊन तिनं सासूला स्वयंपाकघरात गाठलं, आणि सुमनताई पीठ मळता मळता बोलून गेल्या, "थोरल्या भावजींना झालं होतं असंच. पण तो आजार नव्हता बाई. त्यांना चारलं होतं. बायकोनं."

थोरले भावजी म्हणजे दौलतराव, बबनरावांचे मोठे भाऊ, बत्तीस वर्षांपूर्वी गेले. बायको म्हणजे इंदुताई, जिचं नाव या घरात कोणी घेत नाही. तेराव्याला भावकीची बैठक बसली, देवऋष्यानं सांगितलं होतं खाण्यातून गेलंय, आणि पंचवीस वर्षांच्या बाईला नेसत्या लुगड्यावर बाहेर काढलं. ती माहेरच्या गावाला गेली नाही. दिघीत खोली घेऊन राहिली, इथून दहा-बारा किलोमीटरवर, बत्तीस वर्षं.

दिव्याला तिचा नंबर मिळवायला दोन दिवस लागले.

संडासाच्या दारामागून आवाज आला. "मामा…"

"बोल भाचे!"

"तो भोसरीचा माणूस उद्या सकाळी भेटेल का?"

दिव्या दारापाशी गेली. "निरंजन, काय म्हणालास?"

"काही नाही. विचारलं फक्त." मग, "आणि मला व्हिडिओ पाठवला होता एकानं. पोटाला पिशवी लावतात, कायमची. त्यापेक्षा इंजेक्शन काय वाईट आहे? उद्याचं रद्द कर ना. पुढच्या महिन्यात बघू."

"बघ!" सुमनताई म्हणाल्या. "माझं लेकरूच नको म्हणतंय. कर फोन त्या दवाखान्याला."

साहेबरावांनी मोबाइल काढलाच होता. एका घरात तीन विरुद्ध एक. चौथा गॅलरीत, आणि तो मोजण्यात नाही. दिव्याला रडायला आलं असतं, पण तिला राग आधी येतो. "मागचे दोन पुढचे महिने मी मोजलेत," ती दाराला म्हणाली. "तेव्हा पँट सैल झाली होती, आता बेल्टला नवी भोकं पाडलीस. तू उद्या गेला नाहीस तर मी…"

काय, ते तिलाही सुचलं नव्हतं. पुन्हा बेल वाजली.

•

दार बबनरावांनी उघडलं, कारण बाकी सगळे भांडत होते.

बाहेर एक ठेंगणी बाई उभी होती. पायात कॅनव्हासचे बूट, हातात नायलॉनची पिशवी, केस सगळे पांढरे. चेहरा त्यांनी लगेच ओळखला. बारा वर्षांपूर्वी तो भोसरीच्या बाजारात समोरून आला होता आणि ते रस्ता ओलांडून पलीकडं गेले होते. आता पलीकडं जायला जिना होता फक्त.

"बबनभावजी," इंदुताई म्हणाल्या, "आत येऊ, का हितंच उभी ऱ्हाऊ? मला दोन्हीची सवय हाय."

"या… वहिनी."

सुमनताईंनी पदर ओढून घेतला, जसा माणूस खिशावर हात ठेवतो. साहेबराव उठून उभे राहिले, मग कशाला उठलो ते न कळून बसले. इंदुताईंनी घर बघितलं, मग फ्रिजवरचा कागद एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचला.

"हे कोणी लिव्हलं?"

"मी," दिव्या म्हणाली.

"तूच फोन केलतास व्हय? ब्येस लिव्हलंयस." त्या टेबलापाशी आल्या. "ह्ये पाणी त्याचंय? किती वाजता द्यायचं?"

"सहाला पाचवा ग्लास. म्हणजे आत्ताच."

इंदुताईंनी जग उचलला आणि ग्लास भरला. एक थेंब बाहेर नाही. आयुष्यभर वाढपी असलेल्या माणसाचा हात.

"तिच्या हातचं नको!" सुमनताई ओरडल्या.

ओरडल्या आणि स्वतःच दचकल्या. पण शब्द बाहेर पडला होता. बत्तीस वर्षं घरातल्या घरात कुजबुजलेली गोष्ट आज पहिल्यांदा जिच्याबद्दल होती तिच्या तोंडावर बोलली गेली.

इंदुताईंनी ग्लास खाली ठेवला नाही. "सुमन," त्या म्हणाल्या, "हितनं काढल्यावर मी कंपनीच्या कँटीनला लागले. सव्वीस वर्षं. एका शिफ्टला आठशे माणूस. चपात्या, भात, आमटी, सगळं ह्याच हातानं. सांग बघू, किती मेले?"

सुमनताई फ्रिजवरच्या कागदाकडं बघू लागल्या.

"एकाला ठसका लागला होता. त्यो बी बोलत जेवत होता म्हणून."

साहेबरावांच्या नाकातून हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. बहिणीनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते थर्मासचं झाकण उघडू लागले, आणि करायला काही नाही म्हणून डाळिंबाचा रस स्वतःच पिऊ लागले.

संडासाचं दार उघडलं. निरंजन बाहेर आला, पांढराफटक, गालांची हाडं वर आलेली. इंदुताईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आरं देवा," त्या हळू म्हणाल्या. "त्योच. दौलत."

निरंजननं आईकडं बघितलं, मग या अनोळखी काकूकडं. त्यानं सगळं ऐकलं होतं. आतून सगळंच ऐकू येतं. त्यानं ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला. फार मोठं काही केलं असं त्याला वाटलं नाही; सहा वाजले होते आणि बायको घड्याळाकडं बघत होती, एवढंच. ग्लास परत दिला आणि वळून पुन्हा आत पळाला.

•

इंदुताईंनी प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं आणि संडासाच्या दाराला टेकून बसल्या.

"निरंजन, ऐकतोयस का?"

"दुसरं काय करणार काकू? इथंच आहे."

"तोंडात फोड येत्यात?"

आतून आलं, "येतात."

"गुडघं सुजत्यात? डोळं लाल होत्यात मधीच?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?" गुडघ्यांचं निरंजननं डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. पोटाच्या डॉक्टरला गुडघा कशाला सांगायचा?

"तुझ्या चुलत्यानं सांगितलं. म्हंजे सांगितलं न्हाई, मी बघितलं. कंपनीत जाताना डब्याच्या पिशवीत दुसरी पँट न्यायचा. एसटीत बसायचा न्हाई, मधी उतरता येत न्हाई म्हणून. सायकलवर जायचा. मला वाटायचं, काटकसरी हाय."

निरंजन संडासात एकटाच हसला. मोटरसायकल त्यानं त्याच कारणासाठी घेतली होती. कंपनीची बस फुकट असताना.

"डॉक्टरकडं का नाही गेले?"

"लाज. दुसरं काय? आणि शेवटी चालवंना, तवा देवऋष्याकडं न्हेला. त्यो म्हणला बायकोनं चारलंय. मग माझ्या हातचं बंद. दीड महिना अंगारा आणि लिंबाचं पाणी. माणूस रक्तानं रिकामा होत होता आणि आमी लिंबू पिळत होतो. बत्तीसचा होता रं."

"काकू, पिशवी लावतात म्हणे पोटाला."

"लावली तर लावली. आमच्या कँटीनला एक स्टोअरवाला होता, त्याला होती. शर्टाच्या आत. रोज शिव्या घालायचा आमाला, भाजी कमी पडली म्हणून. दौलतला न्हाई लावली कुणी. त्यो काय शिव्या घालंना." त्या उठल्या. दारावर पंजा आपटला, एकदाच. "मी तुझ्या बापासाठी आले न्हाई. तुझ्या आईसाठी बी न्हाई. ह्या घरात आणखी एक माणूस लाजंनं मरायला लागलंय असं कळलं, म्हणून दोन बस बदलून आले. आता तू काय करायचं त्ये कर."

आत पाण्याचा आवाज झाला. मग निरंजनचा. "दिव्या, पुढचा ग्लास किती वाजता?"

दिव्यानं उत्तर द्यायच्या आधी नाक पुसलं. "सव्वासहा."

"मग भर ना."

साहेबरावांनी मोबाइल खिशात ठेवला. थोड्या वेळानं ते उठले, बंद दाराकडं बघितलं, फ्रिजवरचा कागद वाचला, पुन्हा वाचला. थर्मासभर रस आणि दोन चहा पोटात होते. "मी जरा निघतो," ते म्हणाले आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

सुमनताई मात्र हटल्या नव्हत्या. "होतं असेल तसंच," त्या म्हणाल्या. "पण ताई, लग्नाआधी भावजी धडधाकट होते. बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं होतं. तुम्ही घरात आल्यावरच सुरू झालं."

"कुणाला इचारलं होतं?"

"यांना."

इंदुताई गॅलरीकडं वळल्या नाहीत. तिकडं पाठ करूनच बोलल्या. "मग त्यांनाच इचार परत. विहिरीवर पहाटं दौलतच्या चड्ड्या कोण धुवायचं, लग्नाच्या आधी दोन वर्षं. मला दौलतनंच सांगितलेलं. म्हणला, बबन लई चांगला हाय, कुणाला कळू देत न्हाई."

"अहो?" सुमनताई म्हणाल्या.

बबनराव उठले. "दूध आणतो," म्हणाले आणि चपला घालून खाली गेले. दूध फ्रिजमध्ये दोन लिटर होतं.

•

सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांना बसायला जागा नव्हती म्हणून ते निरंजनच्या मोटरसायकलवर बसले.

विहिरीचं पाणी थंड असायचं. रक्त थंड पाण्यानं निघतं, गरम पाण्यानं धरून बसतं, हे ते पंचविसाव्या वर्षी शिकले. दौलत म्हणायचा, लग्न झालं की बरं होईल. आई म्हणायची, मुलीकडच्यांना बोललास तर जीभ हासडीन. मग दौलत गेला. चाळीस माणसांत आईनं त्यांच्याकडं बघितलं आणि थोरल्या चुलत्यानं विचारलं, बबन, आधी होतं का रे त्याला काही? हो म्हटलं असतं तर आजारी पोरगा गळ्यात मारला म्हणून इंदुच्या भावांनी घर डोक्यावर घेतलं असतं. ते म्हणाले, नाही.

एक शब्द. कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून त्यावर रेघ मारता आली नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. आणि मागच्या आठवड्यात त्यांनी तो मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिला.

•

सकाळी साडेअकराला डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं. डॉक्टर तरुण होत्या, खुर्च्या चार होत्या आणि माणसं पाच. इंदुताई दिघीवरून परस्पर आल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. निरंजन भुलीतून नुकताच उठला होता आणि सगळ्यांकडं बघून कारण नसताना हसत होता.

डॉक्टरांनी स्क्रीनवर फोटो दाखवले. गुलाबी असायला हवं तिथं लालभडक, सोलल्यासारखं.

"ही मूळव्याध नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आहे, जखमा आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस दिसतोय. तुकडे तपासायला पाठवलेत. टीबी किंवा जंतूंचा प्रकार नाही ना, हे त्यात बघतील, मग नक्की सांगते."

"बरा होतो का?" दिव्यानं विचारलं.

"मुळासकट नाही. पण शांत ठेवता येतो, वर्षानुवर्षं. गोळ्या, आणि खालून सोडायचं एक औषध. फारच भडकला तर थोडे दिवस स्टेरॉइड, पण ते मनानं बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं. आणि खरी गंमत पुढं आहे. दोन-तीन महिन्यांत यांना मस्त वाटेल. तेव्हा हे गोळ्या सोडतील. सगळे सोडतात. मग परत येतात, जास्त रक्त घेऊन."

"पिशवी?" निरंजननं हसत विचारलं. भूल अजून पूर्ण उतरली नव्हती, भीती मागून यायची होती.

"बहुतेकांना लागत नाही. वेळेवर आलात."

सुमनताई पुढं सरकल्या. "पण डॉक्टर, काय खाल्ल्यानं झालं हे?"

"कशानंही नाही. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या आतड्यावर उलटते. का, ते पूर्ण कळलेलं नाही. एखाद्या पदार्थानं त्रास वाढेल, तो टाळायचा. पण कोणी काही खाऊ घातलं म्हणून हा आजार होत नाही."

"परत सांगा," मागून इंदुताई म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. सुमनताईंची मान खाली गेली. कोणी ती वर केली नाही.

"घरात कोणाला असल्यास शक्यता थोडी वाढते," डॉक्टर फाइल चाळत म्हणाल्या. "तुमच्या फॉर्मवर नाही लिहिलंय…"

"तो फॉर्म द्या इकडं," बबनराव म्हणाले.

त्यांनी खिशातलं पेन काढलं. फाइलची कड पट्टीसारखी धरली आणि 'नाही'वर एक रेघ मारली. एकच. खालचा शब्द स्वच्छ वाचता येत होता. शेजारी लिहिलं: थोरला भाऊ दौलत. शौचातून रक्त. लग्नाच्या आधी दोन वर्षांपासून. मला माहीत होतं.

डॉक्टरांनी वाचलं. "गेलेल्या माणसाचं निदान आज मला नाही करता येणार. पण नोंद कामाची आहे."

"मला दावा," इंदुताई म्हणाल्या. कागद त्यांनी हातभर लांब धरला आणि ओठ हलवत वाचला. 'लग्नाच्या आधी'पाशी परत आल्या. दोनदा.

"वहिनी," बबनराव म्हणाले, "मी तेव्हा…"

"ऱ्हाऊ द्या. त्ये तुमच्यापाशीच ठेवा." त्यांनी कागद टेबलावर ठेवून बोट टेकवलं. "सही ऱ्हायली."

बबनरावांनी सही केली.

"तारीख."

तारीख घातली.

"पोरी, ह्याचा फोटू काढ. आणि भावकीचा तुमचा ग्रुप हाय ना मोबाइलवर, त्याच्यावर टाक."

सुमनताईंनी डोळे मिटले. दिव्यानं फोटो काढला, पण पुढं थांबली. फॉर्मवर सगळ्यात वर निरंजनचं नाव होतं, खाली त्याचं सगळं. किती वेळा, काय पडतं, किती महिने. दीडशे माणसांचा ग्रुप. त्यात चाकणच्या कंपनीतले दोघं.

सगळे निरंजनकडं बघू लागले. तो अजून हसत होता, पण आता का हसतोय, ते त्याला माहीत होतं.

"टाका," तो म्हणाला. "आणि खाली लिहा, मला शुगर नाही. निगडी ते चाकण कुठला संडास उघडा असतो, ते विचारायला कधीही फोन करा."

"मी टाकतो," बबनराव म्हणाले. "ग्रुप माझा आहे." त्यांनी चष्मा चढवला आणि मोबाइल काढला. अंगठा खालीवर बराच वेळ फिरला. "वहिनी, तुमचा नंबर सांगा."

"कशाला?"

"तुम्ही ग्रुपमध्ये नाही."

इंदुताईंनी नंबर सांगितला, एकेक आकडा, डॉक्टर घड्याळाकडं बघत असताना. बबनरावांनी आधी त्यांना आत घेतलं. मग फोटो टाकला.

पहिली टिंग नायलॉनच्या पिशवीत वाजली.